परत कावळा

मुलुंडच्या त्या फ्लॅटमध्ये लेक सई दुपारची झोपली की इरावती सोल्डरिंग गन तापवायची. सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, मोर्सच्या टिंबा-रेघांत गप्पा मारायचा रेडिओ सेट तिने उघडला होता. सईच्या वेळी दिवस गेले असताना डॉक्टरांनी इरावतीला झोपून राहायला सांगितलं, तेव्हा अण्णांनीच उशाशी बसून ती लिपी शिकवली होती. त्यांना काहीतरी छान करून द्यावं, असं तिच्या मनात कधीचं होतं.

सेटची खोड एकच. संदेश पाठवायची कळ दाबली की आतला रिले, म्हणजे ऐकण्यावरून पाठवण्यावर नेणारा खटका, खट्कन बदलायचा आणि सेट बहिरा व्हायचा. कळ सोडल्यावरही कान उघडायला वेळ लावायचा. इरावतीने रिले काढून डायोड बसवले, आवाज कमी-जास्त करणारा गेन कंट्रोल चटकन सावरेल असा केला. आता दोन टिंबांमधल्या फटीतूनसुद्धा समोरचं ऐकू येणार होतं.

"झकास! म्हणजे मध्येच कुणी टोकलं तरी कळणार मला?" अण्णांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

रविवारी सकाळी ते सेटवर नेहमीच्या दोस्तांशी बोलायला बसले. सगळे त्यांच्यासारखेच निवृत्त, आपापल्या घरी सेटपाशी, गप्पा मोर्समधून पण मराठीत. अण्णांनी आवडता किस्सा लावला, गच्चीवरच्या अँटेनाची तार पळवून घरटं बांधणाऱ्या कावळ्याचा. घरात तो सगळ्यांना पाठ. इरावती शेजारीच सईला भरवत होती.

अण्णांच्या टिंबांमधून बारीक आवाजात दुसरंच काही वाजलं. तिने अक्षरं जुळवली.

परत कावळा.

मग दुसरा कुणी: चहा घेऊन येतो.

इरावती फिस्सकन हसली. हसून झाल्यावर तिने अण्णांकडे बघितलं. त्यांचा हात कळीवर तसाच राहिला होता. किस्स्यातला कावळा अजून तारेपर्यंत पोचलाही नव्हता.

त्यांनी सगळ्यांना नमस्कार कळवला, सेट बंद केला. "किती वर्षं चाललं असेल गं हे?"

तिला तोंड कुठे लपवू असं झालं. दोस्तांना निदान वाटत होतं, किस्सा पाठवताना अण्णांना ऐकू येत नाही. ती तर हातभर अंतरावर बसून हसली होती.

पुढच्या रविवारी अण्णा सेटकडे फिरकलेच नाहीत.

"जुना रिले परत बसवू का, अण्णा?" तिने खाली बघतच विचारलं.

"बसव, नाहीतर नको बसवूस. ऐकलं ते ऐकलंच ना."

सई रांगत येऊन त्यांच्या पायाला बिलगली. सवयीने त्यांनी तिला मांडीवर घेतलं. "सईबाई, एकदा काय झालं, एक कावळा..." आणि इरावतीकडे बघून गप्प झाले.

"मग?" ती म्हणाली.

"तुला माहितेय की सगळं."

"चुकलं माझं, अण्णा. सांगा ना. सईला कुठे माहितेय?"

त्यांनी सांगितला. सई टाळ्या पिटत "काऽ काऽ" करत राहिली. पण एरवी एका दमात सांगणारे अण्णा आता वाक्यावाक्यापाशी थांबत होते, कान देत होते. त्या प्रत्येक फटीत इरावती, मान वर न करता, "हं" म्हणत राहिली.