लेन्सची परीक्षा

मी एक लेन्स. फोटो चांगला आला की लोक कॅमेऱ्याचं कौतुक करतात, बिघडला की बोट माझ्याकडे. याची सवय असते आम्हाला. पण गेल्या वर्षी आळ घेतला तो अविनाशरावांनी, म्हणून तो मनाला लागला.

कारखान्यात माझी काच घासली, पारखली आणि मला डब्यात बंद केलं. डबा उघडला तो पनवेलला. अविनाशराव नुकतेच निवृत्त झाले होते. माणसांचे फोटो त्यांनी कधी काढले नाहीत. डोंगर, आभाळ, खाडी, बस्स. कर्नाळ्याचा सुळका तर आम्ही किती वेळा टिपला असेल. घरी आलं की ते फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करून कोपरान् कोपरा तपासत. कडा रेखीव नसतील तर फोटो पुसून टाकत. फोटोग्राफी क्लबातली मंडळी त्यांना फोटो दाखवताना जरा बिचकतच.

मग सुळका त्यांना वाकडा दिसू लागला, मधोमध पुसट. त्यांनी ट्रायपॉड बदलला, टायमर लावून पाहिला. शेवटी म्हणाले, "लेन्स गेली." दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, काही दोष नाही म्हणून परत धाडलं. तर त्यालाही नावं ठेवून मला दुसऱ्याकडे पाठवलं. इकडे चांगले चांगले फोटो पुसले जात होते. मला तोंड असतं तर ओरडले असते.

एका सकाळी त्यांनी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं. लेन्स पारखायची ही घरगुती रीत. पानाचा फोटो काढायचा आणि बारीक अक्षरं लागतात का ते पाहायचं. फोटो पडद्यावर मोठा केला तेवढ्यात त्यांच्या पत्नी, शशिकलाताई, चहा घेऊन आल्या.

"बघ, एक ओळ सरळ नाही. अक्षरं सगळी फिसकटलीयेत."

ताईंनी कप ठेवला आणि वाचायला लागल्या. "कोन गावात दुकान भाड्याने देणे आहे. दलालांनी तसदी घेऊ नये. अहो, खाली फोन नंबरसुद्धा दिसतोय."

"परत वाच," अविनाशराव म्हणाले.

त्यांनी परत वाचलं. चहा तसाच निवला.

"आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊया," ताई हळूच म्हणाल्या.

दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग खराब झाला होता. इंजेक्शनांनी उरलेली नजर टिकेल, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लवकर यायला हवं होतं, असंही म्हणाले. माझ्यावरचा आळ गेला, पण मला आनंद झाला नाही. मला दुरुस्तीला धाडण्यात गेलेले महिने त्यांच्या नजरेचे होते. माझी काच अजून शाबूत आहे. त्यातली थोडी त्यांना देता आली असती तर दिली असती. तुमच्या घरी कुणी लेन्सला दोष देऊ लागलं, तर आधी त्यांचे डोळे तपासून घ्या.

परवा आम्ही पुन्हा कर्नाळ्याला गेलो. कॅमेरा त्यांनीच लावला. फोकस मात्र ताईंनी केला, सुळका पडद्यावर मोठा करून.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी बटण दाबलं. मग कॅमेरा ताईंच्या हातात देऊन ते शेजारच्या दगडावर बसले.

"काय दिसतंय, सांग."

ताई सांगू लागल्या. सुळका, त्याच्या उजव्या अंगाला ढग, खाली दाट झाडी. सांगता सांगता त्यांनी मान वर करून अविनाशरावांकडे पाहिलं.

"पुढे?" अविनाशरावांनी विचारलं.