स्टिअरिंगखालची नाडी

गाडी धुण्याच्या दुकानामागचं सिमेंटचं अंगण रविवारी सकाळी इतकं भरलं होतं की पाय ठेवायला जागा नव्हती. टॅक्सीवाले होते, सामान पोचवणारे व्हॅनवाले होते. रात्रपाळी संपवून थेट आलेली एक नर्स होती, तिचे डोळे उभ्या उभ्या मिटत होते. बेकरीवाले काका बाह्यांवरचं पीठही न झटकता आले होते. आणि आम्ही होतो: आई, मी, आणि मागच्या सीटवर आईचे वडील, आमचे अप्पा. सगळ्यांच्या गाड्यांना एकच रोग. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलेला आणि तो काही केल्या विझत नव्हता.

सगळ्यांचं औषधही एकच. हातगुणी बुवा!

बुवा पान्याला शिवत नाहीत, बॉनेट उघडत नाहीत, नुसता हात ठेवतात आणि दिवा विझतो, अशी त्यांची ख्याती. माणूस दिसायलाही झकास. पांढरा स्वच्छ झब्बा, उजव्या मनगटावर जांभळ्या मखमलीचा रुंद पट्टा आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आपोआप जांभई यावी. यंत्रालाही मन असतं, असं ते सांगत होते. हा दिवा म्हणजे गाडीचा डोळा, तो रडून रडून पिवळा झालाय. माणसाची नाडी मनगटात असते, गाडीची स्टिअरिंगखाली असते, पण ती सापडायला बोटांत साधना लागते. टॅक्सीवाले माना डोलावत होते. वर्षानुवर्षं गाड्या चालवणारी माणसं, आणि गाडीचा डोळा रडतो म्हटल्यावर माना डोलावतात. मला तर तिथेच पाय आपटावेसे वाटले.

पण दिवा विझत होता, हे खोटं नव्हतं. नर्सची गाडी माझ्या डोळ्यांदेखत बरी झाली. मग आमचा नंबर आला.

बुवांनी आईला सांगितलं, चावी फिरवा, पण गाडी चालू करू नका. डॅशबोर्डवरचे झाडून सगळे दिवे लागले. मग त्यांनी जमलेल्या सगळ्यांना डोळे मिटून आपापल्या गाडीचं भलं चिंतायला सांगितलं. ते दाराशी गुडघ्यावर बसले, उजवा हात स्टिअरिंगखाली घातला, डावा झब्ब्याच्या खिशात. मी डोळे मिटले नव्हते, पण मला त्यांच्या पाठीशिवाय काही दिसलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता करा चालू."

इंजिन घरघरलं. एकेक करून सगळे दिवे गेले. पिवळाही गेला. आईने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तिचे खांदे हलले. ती रडत होती.

मी विचारलं, हातात एवढी शक्ती आहे तर चावी कशाला फिरवायची? बंद गाडी बरी होत नाही का? बुवा गोड हसले आणि आईला म्हणाले, मुलगी हुशार आहे, फक्त तोंड जरा पुढे धावतं. अंगण खदखदलं. माझे कान तापले.

निघताना त्यांनी पथ्य सांगितलं. आठ दिवस गाडी गावातल्या गावात फिरवा, मोठ्या रस्त्यावर नेऊ नका, तिला विश्रांती हवी. आणि काचा घट्ट बंद ठेवा, नाहीतर दिलेला गुण उडून जातो. आईने मग अप्पांचं सांगितलं. हल्ली गाडीत बसले की त्यांचं डोकं दुखतं, मळमळतं. बुवांनी मागे वाकून अप्पांकडे पाहिलं आणि म्हणाले, गाडीचा ताप यांच्या डोक्यात उतरलाय. आठ दिवसांत निघून जाईल.

अप्पा म्हणाले, "ताप गाडीला आणि डोकं माझं. छान वाटणी आहे."

आईला हसू आलं नाही. तिला दोष तरी कसा देऊ? तिने आधी गाडी रीतसर गॅरेजात नेली होती. गॅरेजवाल्याने एक सेन्सर बदलला, दिवा परत लागला. मग तो म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच गेलाय, म्हणजे धुरातले विषारी वायू जाळून सौम्य करणारा गाडीच्या पोटातला डबा. तोच बदला. का, ते मात्र त्याला सांगता येईना. अप्पांच्या गुडघ्याचा व्यायाम दिवसाआड, दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, गाडीशिवाय चालणारच नाही. अशा थकलेल्या माणसाला कुणी म्हटलं की मी हात ठेवतो, सगळं ठीक होईल, तर तो हात तिला हवाहवासाच वाटणार.

पण त्या आठवड्यात गाडीत जे झालं त्याने मी वेडी व्हायची बाकी राहिले. काचा बंद. वाऱ्याची झुळूक नाही. मी मागे बसून काच बोटभर खाली केली की आई आरशातून डोळे वटारायची. अप्पांची डोकेदुखी काही थांबेना. गुरुवारी दवाखान्यापाशी ते गाडीतून उतरले आणि दारातल्या पायरीवरच बसले. तोंड पांढरं पडलेलं. मग तिथेच बाजूच्या कुंडीत उलटी झाली.

"ताप बाहेर पडतोय," आई म्हणाली. पण आवाज तिचा नव्हता, बुवांचा होता.

मी खूप बोलले, ओरडलेही. आई म्हणाली, दिवा विझलाय ना? मग? या "दिवा विझलाय ना"च्या पुढे माझं काही चालेना. भिंतीशी बोलल्यासारखं होत होतं. भिंत निदान स्वयंपाक करता करता मान तरी फिरवत नाही.

आमच्या शाळेत वाहन दुरुस्तीचा वर्ग आहे आणि तो शिकवणाऱ्या बाईंना आम्ही वर्कशॉपच्या बाई म्हणतो. शुक्रवारी आई मला घ्यायला आली तेव्हा मी बाईंना हाताला धरूनच गाडीपाशी नेलं. बाईंनी स्टिअरिंगखाली वाकून तिथल्या खाचेत एक वायर जोडली. वायरच्या दुसऱ्या टोकाला हातात मावणारं यंत्र. प्रत्येक गाडीला ही खाच असते, त्या म्हणाल्या. गाडीच्या संगणकाला काय खटकलंय ते इथून वाचता येतं.

यंत्रावर लिहून आलं, बिघाड नाही. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण बाई पुढे वाचत होत्या. गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या सगळ्यांपुढे एकच शब्द होता: अपूर्ण. आणि खाली आणखी एक ओळ होती, बिघाडाची नोंद पुसल्यापासून गाडी किती अंतर चालली त्याची.

बाईंनी विचारलं, "नोंद पुसली कुणी?"

आईने ते अंतर पाहिलं. अंगणापासून घर, घरापासून दवाखाना आणि परत, शाळा, बाजार. तिने मनात बेरीज केली असावी, कारण तिचा चेहरा हळूहळू बदलला. बुवांनी हात ठेवला होता, एवढंच ती म्हणाली. मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. दिवा विझवणं आणि बिघाड काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या म्हणाल्या. नोंद पुसली की गाडी सगळं विसरते. पुन्हा तपासायला तिला मोठ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने बराच वेळ चालावं लागतं. गावातल्या गावात चालवली तर तपासणी होतच नाही आणि दिवाही लागत नाही.

म्हणजे ते पथ्य! गाडीला विश्रांती नव्हे, बुवांना मुदत हवी होती. दिवा परत लागलाच तर दोष पथ्य मोडणाऱ्याचा. मी अक्षरशः टाळी वाजवली.

"मागे कोण बसतं?" बाईंनी सहज विचारलं. आईने अप्पांची डोकेदुखी सांगितली आणि बाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी गाडी वर्कशॉपमध्ये घेऊन वर उचलली आणि इंजिन चालू ठेवून खालच्या पाइपाजवळ कान नेला. मलाही बोलावलं. फस्स, फस्स, फस्स. कन्व्हर्टरच्या जरा अलीकडे जिथे दोन पाइप जोडलेत, तिथलं पॅकिंग फाटलं होतं आणि सांध्याभोवती काजळीचा काळा पंखा उमटला होता. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, त्यामुळे सेन्सर चुकीचं सांगत होते आणि बिचाऱ्या चांगल्या कन्व्हर्टरवर आळ येत होता. आणि त्याच फटीतून धूर बाहेर पडत होता, कन्व्हर्टरमध्ये सौम्य होण्याआधीचा, कार्बन मोनॉक्साइड असलेला. या वायूला ना रंग ना वास. वर, बरोबर मागच्या सीटखाली, पत्र्यातल्या भोकाचं रबरी बूच निघून गेलेलं होतं.

आई त्या भोकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी काचा बंद ठेवल्या होत्या."

त्या संध्याकाळी आईने अप्पांना डॉक्टरांकडे नेलं, रिक्षाने. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि सांगितलं, हा माणूस थोडक्यात वाचलाय, आणखी लांबचा प्रवास झाला असता तर झोपेतून उठला नसता. अप्पा म्हणाले, तरी मी सांगत होतो, वाटणी चुकीची आहे.

आईला गाडी लगेच दुरुस्त करून सगळं विसरून जायचं होतं. पण मला बेकरीवाले काका आठवत होते, व्हॅनमध्ये मागे त्यांच्या मुलीच बसतात. आणि ती नर्स, जी रात्रभर जागून काचा लावून घरी जाते. मी म्हटलं, एक रविवार थांबू या, बुवांचा हात सगळ्यांसमोर उघडा पाडू या. आईने घासलेली भांडी एकेक करून पालथी घातली. शेवटी म्हणाली, थांबू या.

शनिवारी बाईंनी सगळ्या काचा उघड्या टाकून गाडी दोनदा मोठ्या रस्त्यावर नेली. दुसऱ्या फेरीला पिवळा दिवा परत हजर. रविवारी निघण्याआधी मी स्टिअरिंगखाली वाकले आणि खोकी बंद करायची रुंद चिकटपट्टी त्या खाचेवर तीन थरांत लावली.

अंगणात तीच गर्दी, दिवे परत लागलेले बेकरीवाले काका आणि ती नर्सही. बाई आमच्याबरोबर आल्या होत्या. बुवांनी आम्हाला ओळखलं आणि हळहळले. पथ्य मोडलंत ना? हो, मोठ्या रस्त्यावर नेली होती, आईने कबूल केलं. लोक आमच्याकडे बघून चुकचुकले. बुवांनी मोठ्या मनाने क्षमा केली. चावी फिरवा, चालू करू नका, डोळे मिटा. ते गुडघ्यावर बसले, हात आत गेला.

आणि आतच राहिला. या वेळी मी दुसऱ्या बाजूच्या दारात उभी होते. नखांनी चिकटपट्टी खरवडल्याचा आवाज येत होता. बुवांच्या मानेवर घाम जमला. शेवटी ते म्हणाले, करा चालू. इंजिन सुरू झालं. सगळे दिवे गेले, पिवळा तेवढा राहिला.

बुवा उठले आणि गर्दीकडे वळले. "इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे. शंका असेल तिथे शक्ती चालत नाही."

"माझ्या मनात आहे," मी म्हटलं. "पण ती गेल्या रविवारीही होती की. तेव्हा दिवा कसा विझला?"

मागून एक टॅक्सीवाला हसला. मग दुसरा. मी चिकटपट्टी ओढून काढली. बाईंनी आपलं यंत्र जोडलं, चावी फिरवली आणि बेकरीवाल्या काकांना पुढे बोलावलं. काकांनी पिठाच्या बोटाने बाईंनी सांगितलेलं बटण दाबलं. गाडी चालू केली. दिवा गेला. काका स्वतःच्या बोटाकडे असे बघू लागले की जणू त्यांनाच साधना फळली.

बुवा मागच्या मागे सरकत होते. पण नर्सने त्यांचं उजवं मनगट धरलं, नाडी बघतात तसं. बोटं मखमलीवरून फिरवत ती शांतपणे म्हणाली, नाडी काही लागत नाहीये, इथे काहीतरी चौकोनी आहे. पट्टा सुटला. आतून काड्यापेटीएवढं काळं यंत्र निघालं, त्याला खाचेत बसणारं तोंड. वायर नव्हती, ते मोबाइलशी जोडलेलं होतं आणि मोबाइल खिशात होता. म्हणून डावा हात झब्ब्यात. म्हणून सगळ्यांचे डोळे मिटलेले. म्हणून चावी फिरवायची, कारण गाडीचा संगणक जागा असल्याशिवाय त्याच्याकडून काही पुसून घेता येत नाही.

एकच गोष्ट कळायची राहिली होती आणि ती आईने विचारली. "काचा बंद ठेवायला का सांगितलंत?"

बुवा झब्बा झटकू लागले.

"लांब नेऊ नका, ते समजलं. डोळे मिटा, ते समजलं. काचा कशासाठी?"

बुवा खाली बघत पुटपुटले, "तसं काही नाही. सांगायला बरं वाटतं."

आईने बुवांना मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. ती फक्त म्हणाली, "माझे वडील त्या काचांमागे बसले होते." आणि गाडीत येऊन बसली.

गोष्ट इथे संपली असती तर मी आनंदाने नाचले असते. पण बाहेर पडताना एक व्हॅनवाला मला म्हणाला, ते सगळं खरं, पण माझी कंबर बुवांच्याच हाताने बरी झाली. दुसऱ्याला पत्ता हवा होता, असं करणारं आणखी कुणी आहे का. मी कपाळावर हात मारला. बेकरीवाले काका आणि नर्स मात्र त्याच दिवशी बाईंच्या मागोमाग शाळेच्या वर्कशॉपात आले. काकांच्या व्हॅनचा कन्व्हर्टर खरोखरच गेला होता. नर्सच्या गाडीत एक वायर उंदराने कुरतडली होती. दिवा एक, कारणं निराळी, आणि एकही कारण रडणारा डोळा नव्हतं.

आमच्या गाडीत नवं पॅकिंग आणि एक रबरी बूच बसलं. मग मोठ्या रस्त्यावर कितीदा नेली तरी दिवा परत लागला नाही.

म्हणून माझं सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. दिवा लागला तर घाबरू नका, तो का लागला ते विचारा. आणि तो विझला तर त्याहून जास्त विचारा, का विझला, कुणी विझवला, आत काय बदललं. जो या प्रश्नाचं उत्तर देतो त्याच्याकडे जा. जो डोळे मिटायला सांगतो, त्याच्यासमोर ते सताड उघडे ठेवा. आपलं माणूस मागच्या सीटवर बसलेलं असतं.