आठ वाजेपर्यंत

आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या दाराशी जमिनीवर एक लाल पट्टी आखलेली आहे. एकतीस वर्षं मी तिच्या अलीकडे काम केलं. चिमटे, कात्र्या, पकडी धुवायच्या, मोजायच्या, हिरव्या कापडात दोनदा गुंडाळायच्या आणि वाफेच्या मशीनमध्ये चढवायच्या. प्रत्येक गाठोड्यावर एक चिकटपट्टी लावतात. वाफ नीट लागली की तिच्यावरच्या फिक्या रेघा काळ्या होतात. त्या काळ्या झालेल्या बघितल्याशिवाय मी एकही गाठोडं पलीकडे जाऊ दिलेलं नाही, सर्जनसाहेब दारात उभे राहून ओरडत असले तरी.

त्याच साहेबांनी एक दिवस पट्टीपाशी येऊन विचारलं, "मावशी, पासपोर्ट आहे का?"

मला वाटलं, कुणाचा तरी हरवलाय.

साहेब दरवर्षी आठ-दहा जणांना घेऊन परदेशात जातात. सहा आठवडे, बिनपगारी. जन्मतःच ओठ दुभंगलेल्या मुलांची ऑपरेशनं करतात. गेल्या वर्षी तिथल्या माणसांनी गाठोडी घाईघाईत बाहेर काढली आणि दोन मुलांच्या जखमा चिघळल्या. साहेब म्हणाले, "टाके मी कितीही चांगले घालीन हो, पण चिमटा स्वच्छ नसेल तर माझे हात काय कामाचे? या वेळी मला माझी पॅकिंगवाली हवी."

माझी निवृत्ती चार महिन्यांवर आली होती. एकतीस वर्षांत कुणी मला "हवी" असं म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी देवापुढे जरा जास्तच वेळ बसले.

घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "जा की! मी काय कुकुलं बाळ आहे?"

हे म्हणजे माझे यजमान. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. सात वर्षांपूर्वी ह्यांना हार्ट अटॅक आला, अकरा दिवस आयसीयूमध्ये होते. नवव्या दिवशी डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा काचेबाहेर उभी राहून मी देवाला म्हटलं, ह्यांच्याशी मला पुन्हा बोलू दे. रोज उठल्यापासून आठ वाजेपर्यंतचं माझं बोलणं तुला दिलं. तेव्हापासून मी आठपर्यंत बोलत नाही. तापात नाही, पाहुण्यांत नाही, लेकीच्या लग्नाच्या सकाळीही नाही. ड्यूटी नऊची, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

ह्यांना त्याची मोठी गंमत. येईल त्याला सांगायचे, "अटॅक मला आला आणि वाचा हिची गेली. देव आहे बाबा!"

लेक सहा आठवडे येऊन ह्यांच्याजवळ राहणार होती. गोळ्यांचे डबे मी वार लिहून भरून ठेवले. शिबिरात काम सकाळी सहाला सुरू होतं, तेव्हा तिथे मौन संध्याकाळी पाळायचं, हेही ठरवलं. तसं देवाला सांगितलं आणि ह्यांनाही सांगितलं.

"देव चालवून घेईल ना शिफ्ट बदललेली?" हे म्हणाले.

"घेईल. तुमच्यासारखा नाही तो."

तेव्हा दोघंही हसलो होतो.

मग तपासण्या. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, डोळे, कान, दात. सगळे कागद शिबिराच्या वैद्यकीय मंजुरी विभागाकडे गेले. तो विभाग आणखी तिसऱ्याच देशात. तिथली संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. मंजुरी आल्याशिवाय तिकीट नाही. थिएटरच्या मोठ्या बाईंची, म्हणजे हेड सिस्टरची, मंजुरी चार दिवसांत आली. भूल देणाऱ्या डॉक्टरांचीही आली, त्यांची साखर ह्यांच्या वयाच्या चौपट आणि जिना चढले की शिट्टी वाजते. मी रोज दुपारी मोठ्या बाईंच्या कॉम्प्युटरवर माझं नाव बघायची. पुढे एकच शब्द असायचा, प्रलंबित.

आणि मग एका सकाळी सव्वासातला तो फोन आला.

मी कोपऱ्यात माळ घेऊन बसले होते. ह्यांनी फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला, ह्यांना तशीच सवय. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून लेकीच्या वयाची, मराठीच बोलणारी. तिने माझं नाव घेऊन विचारलं, "त्या आहेत का? दोन-चार प्रश्न विचारायचे होते."

"आहे की, समोरच बसलीय. पण बोलणार नाही."

"का बरं?"

"आठपर्यंत बोलत नाही ती."

"त्यांना ऐकू येतं का?"

"खणखणीत! पण तोंड उघडायचं नाव नाही. सात वर्षं झाली. हाका मारा, गदागदा हलवा, ढिम्म. घराला आग लागली तरी आठ वाजल्यावर सांगेल!"

हे हसले. ती हसली नाही. कळा दाबल्याचा टकटक आवाज स्पीकरवर स्पष्ट येत होता.

मी उठले. कॅलेंडरच्या मागे लिहिलं, "मौन आहे, प्रार्थनेचं. तिथे संध्याकाळी पाळणार. त्यांना सांगा." आणि ते ह्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. ह्यांनी वाचलं. ओठ हलवत वाचतात हे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचलं ते मला दिसलं. मग हाताने मला बाजूला केलं.

"यावर काही उपचार घेतलेत का?" मुलीने विचारलं.

"उपचार कशाला? माझी चंगळ आहे."

फोन बंद झाला. घड्याळात सात वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मी एकोणचाळीस मिनिटं बसून राहिले. आठला मी त्यांचा नंबर लावला, तर रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, कार्यालय बंद झालं आहे.

"अहो, सांगितलं का नाहीत तुम्ही?"

"अगं, गंमत केली जरा. एवढ्या मोठ्या संस्थेला गंमत कळत नाही होय?"

आठवड्याने पत्र आलं. अर्जदाराला रोज ठरावीक काळ वाचा बंद होण्याचे झटके येतात, अशी माहिती घरातील व्यक्तीकडून मिळाली आहे. मानसोपचारतज्ज्ञाचं प्रमाणपत्र सादर करावं.

मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. "तुमच्या नवऱ्याला आमच्याकडे पाठवा," त्या म्हणाल्या. "भूल न देता दोन टाके घालते, जिभेला."

मला हसू आलं नाही. त्यांच्यासमोर मी रडलेही नाही. गाठोडी मोजत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा चुकले. एक पकड कमी लागली. पुन्हा सगळं उघडून मोजलं, तर ती माझ्याच हातात होती.

डॉक्टरांची वेळ मिळायला सोळा दिवस लागले. त्या दिवसांत घरी त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. म्हणजे हे बोलत होते, रोजचंच, पंख्याचा आवाज, शेजाऱ्यांची गाडी चुकीची लावलेली. ह्यांच्या स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असायचा. चालवणाऱ्याने स्टिअरिंग कितीही घट्ट धरलं तरी गाडी थांबायची ह्यांच्या पायाने. त्या दिवसांत तो ब्रेक मला सारखा आठवायचा. मग वाटायचं, आपण माणसाबद्दल वाईट मनात आणतोय, आणि मी आणखी एक माळ ओढायची.

मानसोपचाराचे डॉक्टर तरुण होते. "बोलावंसं वाटतं पण शब्द फुटत नाहीत, असं होतं का?"

"नाही. शब्द असतात. मी बोलत नाही."

"बोलू नको असं कुणी सांगतं? आतून आवाज वगैरे?"

"मीच ठरवलंय."

"आणि एखाद्या सकाळी बोललात तर काय होईल, असं वाटतं?"

मी खरं ते सांगितलं, "मला माहीत नाही. करून बघायची हिंमत झाली नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या आईला शिकवाल का हे?" म्हणाले, आणि कोणताही आजार नाही, असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. फी घेतली नाही.

मला वाटलं, सुटले. पण मंजुरी विभागाचं पुन्हा पत्र. प्रमाणपत्र मिळालं. तथापि ज्या व्यक्तीने आधीची माहिती दिली, तिनेच ती लेखी मागे घ्यावी. गुरुवारपर्यंत. त्यानंतर जागा प्रतीक्षा यादीतल्या उमेदवाराला दिली जाईल.

चार ओळींचं पत्र मीच लिहिलं. ह्यांनी फक्त सही करायची होती. पहिल्या दिवशी ह्यांना चष्मा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "'मी गंमत केली' असं कसं लिहू? वेडा समजतील मला."

"मला समजलेच आहेत."

"तुझं वेगळं गं."

त्या संध्याकाळी मी ह्यांच्या पायाशी बसले. हात जोडले म्हटलं तरी चालेल. "अहो, सहा आठवडे. फक्त सहा. मग मी आहेच की घरी, मरेपर्यंत."

हे खिडकीबाहेर बघत होते. "हो गं बाई, करतो. उद्या फिरायला जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून स्कॅन करून पाठवतो. एवढं काय त्यात!"

सोमवारी हे फिरून आले आणि म्हणाले, "पाठवलं."

मी ह्यांना खीर केली. बॅग काढून धुतली, गच्चीत वाळत घातली. हॉस्पिटलात चिकटपट्टीचे चार रोल वेगळे ठेवायला सांगितले, तिथे मिळेल न मिळेल. मंगळवारी प्रलंबित. बुधवारी प्रलंबित. गुरुवारी मोठ्या बाई म्हणाल्या, "येईल हो, कागदांचा ढीग आहे ना तिकडे."

शुक्रवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मी माळ घेऊन बसले होते. हे फोनपासून दोन हातांवर पेपर वाचत बसले होते. परदेशी नंबर मला माझ्या जागेवरून दिसला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी पान उलटलं.

वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी हाताने खूण केली, घ्या ना.

"राँग नंबर असेल," हे पेपरातून म्हणाले.

तीनदा फोन करतात आणि मग थांबतात, असं त्यांच्या पत्रात होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी माळ खाली ठेवली. देवाकडे बघितलं नाही. फोन उचलला आणि म्हटलं, "मी बोलतेय."

आवाज घोगरा निघाला, सकाळचा माझा आवाज मीच सात वर्षांत ऐकला नव्हता.

तीच मुलगी होती. "अरे वा, म्हणजे तुम्ही सकाळी बोलता तर!" ती म्हणाली. मग कागद चाळल्याचा आवाज आला आणि ती जरा हळू झाली. "मॅडम, घरच्यांचं पत्र मुदतीत आलं नाही. आम्ही जागा पुढच्या उमेदवाराला दिलीय. फाइल बंद करतोय, हे कळवायला फोन केला."

"सोमवारी पाठवलंय," मी म्हटलं. "माझ्या यजमानांनी पाठवलंय."

"काही आलेलं नाही, मॅडम."

मी वळले. ह्यांच्या हातातला पेपर खाली गेला होता. चेहरा पांढराफटक. हात छातीवर. मी पुढे झाले. ह्यांच्या छातीवरच्या खिशात छोटी डायरी असते, रोज शर्ट बदलला की नव्या खिशात जाते. डायरीतून घडी घातलेल्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं. माझंच अक्षर. ह्यांची बोटं त्याच्यावर होती. कागदावर होती की काळजावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मॅडम? ऐकताय ना?"

"हो," मी म्हटलं. "थँक यू, बाळा." आणि फोन ठेवला.

"तू बोललीस?" ह्यांचा आवाज बारीक झाला होता. "अगं, अजून आठ कुठे वाजलेत?"

सात वर्षं ज्याची चेष्टा केली, त्यावर ह्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. मला ते तेव्हा कळलं. माझ्याविना सहा आठवडे काढायची ह्यांना भीती होती, आणि माझ्या मौनाविना एक सकाळही काढायची भीती होती. दोन्ही माझ्याचकडून हवं होतं.

"मला काही होणार नाही ना गं? एकदाच बोललीस, त्याने काय होतंय... होतं का काही? सांग ना."

मला पुष्कळ सांगता आलं असतं. होणार नाही, एवढंही पुरलं असतं. मी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून बारा मिनिटं झाली होती. मी जाऊन माझ्या जागेवर बसले, माळ उचलली आणि तोंड मिटून घेतलं.

"अगं, सांग तरी." ह्यांनी नाडी धरून बघितली, सोडली, पुन्हा धरली. "रागावलीस का? अगं बाई, एक शब्द तरी बोल."

माळ माझ्या हातात होती, पण मणी पुढे सरकत नव्हता. ते मौन देवाचं नव्हतं. देवाला ते कळलं असणार, म्हणून मी त्याच्याकडेही बघितलं नाही. ह्यांच्या कपाळावर घाम आला. मी ते बघत राहिले. अठ्ठेचाळीस मिनिटं.

आठचे ठोके पडले. हे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी उठले, शुक्रवार लिहिलेला डबा उघडला, गोळी ह्यांच्या तळहातावर ठेवली, पाणी दिलं. मग गच्चीत जाऊन वाळलेली बॅग खाली आणली आणि होती तिथे माळ्यावर टाकली.