डबा परत मिळण्याबाबत

विषय : बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणासह, परत मिळण्याबाबत.
संदर्भ : वहिनींचा अर्ज, स्वहस्ते.

वरील विषयाबाबत, सध्या ज्याचा या डब्यात मुक्काम आहे तो मी बोलतोय. मी एक वीजपुरवठा. दुकानात मला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतली वीज घ्यायची, तिला शांत करायचं आणि शेजारच्या लाकडी खोक्यातल्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला पाजायची, एवढंच माझं काम. माझ्या भाषेला कचेरीचा वास येत असेल तर माफ करा. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतोच. मला घडवणारे भाऊसाहेब छत्तीस वर्षं नक्कल शाखेत कारकून होते.

भिंतीतली वीज सेकंदाला शंभर वेळा मत बदलते. माझे चार डायोड तिला एका दिशेला लावतात, दोन जाडजूड कपॅसिटर तिची धुसफूस पोटात घालतात आणि शेवटी ती सरळ होऊन बाहेर पडते. असा सरळपणा भाऊसाहेबांनी नोकरीत दोनदाच पाहिला, आणि दोन्ही वेळा त्या माणसाची बदली झाली.

मला बांधायचं कारण अक्का. ही भाऊसाहेबांची थोरली बहीण, त्यांच्याकडेच राहते. चाळीस वर्षं तिनं शाळेत गाणं शिकवलं आणि मग कानांनी दगा दिला. कानयंत्र लावलं की बोलणं कळायचं, गाणं मात्र पत्र्यावर खडे ओतल्यासारखं यायचं. दोन वर्षं तिनं पेटीवरचं कापड उचललं नव्हतं. विद्यार्थिनींच्या कॅसेट कपाटात धूळ खात होत्या.

कानाचे डॉक्टर म्हणाले, बेतानं मोठा आणि स्वच्छ आवाज थेट कानावर दिला तर कदाचित जमेल. कदाचित म्हणजे कारकुनाच्या लेखी जवळजवळ मंजुरीच.

अक्कानं मात्र भाऊसाहेबांना आधीच बजावलं, "बाळू, एकदाच लावून बघेन. नाही जमलं तर पेटी शाळेला देऊन टाक. उगाच डोळ्यासमोर नको."

भाऊसाहेबांनी मला कचेरीच्या वेळेत बांधलं. साडेदहाला जेवणाच्या टेबलाशी हजर, दीडला जेवण, साडेपाचला सगळं आवरून हात धुवायचे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून त्यांनी तारांच्या जोडणीचा एक जुना नकाशा आणला. मूळ कागदावर काम करायचं नसतं, म्हणून त्याची हातानं नक्कल काढली, रेघ न् रेघ, ठिपका न् ठिपका. खाली 'खरी नक्कल' लिहून सही केली. एका घरात राहणाऱ्या तीन माणसांसाठी.

खोकं हवं होतं. वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी, बटणं ज्यात ठेवत तो डबा त्यांनी उचलला.

"दोनच दिवस," ते म्हणाले.

"तुमच्या कचेरीतले की कॅलेंडरातले?" वहिनींनी विचारलं.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा आग लागली नाही, यावर सगळे खूश झाले. भाऊसाहेबांनी हेडफोन कानाला लावले आणि त्यांचा चेहरा उतरला. कॅसेटच्या वरताण घूंऽऽ असा आवाज. वहिनींनीही ऐकून पाहिलं.

"अहो, आत भुंगा कोंडलाय का?"

तीन आठवडे ते माझ्या मागे लागले होते. कपॅसिटर बदलले, ट्रान्सफॉर्मर दूर सरकवला, नक्कल आठ वेळा ताडून पाहिली. ती मुळाशी तंतोतंत जुळत होती. अक्काला त्यांनी माझ्या जवळ येऊ दिलं नाही. एकच संधी, आणि तीत घरघर ऐकली तर पेटी गेलीच म्हणायची. मला लाज वाटायची. घूं करणारा मीच होतो, पण का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

एका दुपारी ते रेडिओवाल्याकडे गेले असताना अक्का टेबलाशी आली. कानयंत्र काढून ठेवलं, हेडफोन चढवले आणि मला चालू केलं. वहिनी धावत आल्या, बिघडलंय म्हणून हातवारे करू लागल्या.

"थांब गं," अक्का डोळे मिटून म्हणाली. "सूर आहे."

ती उठली. हेडफोनची तार लांब होती, हे माझं नशीब. तिनं पेटीवरचं कापड काढलं, भाता हलवला आणि पट्ट्या चाचपत एकीवर बोट ठेवलं.

"पांढरी पाच. हा जरासा चढा आहे. पण हलत नाही हो."

भाऊसाहेब परतले तेव्हा पेटी वाजत होती आणि वहिनी दारात हातात फडकं घेऊन उभ्या होत्या. भाऊसाहेबांनी अक्काच्या कानावरून हेडफोन उतरवले, कानयंत्र पुढे केलं.

"अक्का, अगं तो दोष आहे. काढायचाय मला."

"असेल. पण दोन वर्षांत मला स्पष्ट ऐकू आलेला हा पहिला सूर आहे. पेटी कुठे द्यायची नाही."

भाऊसाहेब खुर्चीत बसले. वहिनींनी हातातल्या फडक्यानं टेबल पुसायला घेतलं. मूळ नकाशावर एक काळा ठिपका दिसला, तो ओल्या बोटानं घासला.

"कागदावर माशी बसून गेली होती. पुसली."

भाऊसाहेब ताडकन उठले. नकाशात दोन रेघा एकमेकींवरून नुसत्या ओलांडत असतील तर त्या वेगळ्या. मध्ये ठिपका असेल तर जोडायच्या. माशीच्या डागाला ठिपका समजून माझ्या गजबजलेल्या बाजूची तार आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी शांत तार त्यांनी इमानेइतबारे जोडली होती. मक्षिकास्थाने मक्षिका. माशीच्या जागी माशी चिकटवणाऱ्या नकलनविसाची ही गोष्ट सांगून ते छत्तीस वर्षं इतरांना हसत आले होते. त्या दिवशी इतकं हसले की वहिनींना पाणी आणावं लागलं.

जोड तोडला. घूं थांबलं. कॅसेट लागली आणि अक्का पुढे वाकली.

"ही चिमणी! चौथीतली. इथे श्वास चोरते बघा… चोरला. कितीदा सांगितलं हिला."

त्या संध्याकाळी साडेपाचला टेबल आवरलं गेलं नाही. नोंद घेण्यासारखी बाब आहे.

आठवड्यानं अक्काच कुरकुरली, आता गायला बसलं की मागे सूर कोण धरणार? म्हणून तोडलेल्या जोडाच्या जागी एक छोटा खटका बसला आहे. त्याखाली सुबक अक्षरात लिहिलंय 'माशी'. रोज सकाळी अर्धा तास मी अधिकृतपणे घूं करतो आणि अक्का गाते. इतर वेळी मी गप्प असतो.

याच सुमारास वहिनींचा अर्ज आला. भाऊसाहेबांनी त्यावर 'पर्यायी व्यवस्थेनंतर विचार व्हावा' असा शेरा मारला. पर्यायी व्यवस्था म्हणून वहिनींनी बटणं काचेच्या बरणीत भरली आहेत, आणि दर रविवारी त्या माझ्या झाकणावरची धूळ पुसतात. तरीही विनंती आहे की मला इथेच राहू द्यावं.

अर्ज दाखल आहे. निर्णय झालेला नाही.