टकटक

आमचे मिस्तरी ठार बहिरे झालेत, हे अख्ख्या धुळ्यात फक्त मला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! आग्रा रोडवर सुपडू मिस्तरींचं नाव होतं ते कानामुळेच. ठिणगी जरा लवकर पडली की इंजिन खडखडतं, उशिरा पडली की गाडीत दम राहत नाही. मिस्तरी नुसतं ऐकून ती वेळ जुळवायचे. कान गेल्यावर ऐकायची मी, त्यांची बायको. चहा द्यायच्या निमित्तानं मागे उभी राहायची आणि खडखड थांबली की त्यांच्या पाठीला कोपर लावायची. हे लोकांना कळलं असतं तर गॅरेजला कुलूपच.

त्या दिवशी गावातले बडे भिकमचंदशेट आपल्या पाहुण्याची परदेशी गाडी घेऊन आले. मिस्तरी मला म्हणाले, "आज तू घरमाच ऱ्हाय. मोठा लोक शेतस." मोठ्या लोकांपुढे मी नको म्हणे. मेली पुरुषाची ऐट!

मी घराच्या गॅरेजकडच्या खिडकीशी उभी राहिले. ड्रायव्हर सांगत होता, "फक्त प्लग साफ करा. हिच्यात ठिणगीची वेळ जुळवायचे पॉइंट नाहीत. ठिणगी कधी टाकायची ते ही डबीच ठरवते. वायर उपसून ठिणगीची टकटक बघू नका, डबी जळेल."

मिस्तरींनी मान डोलावली. ती मान मी ओळखते हो. ऐकू आलं नाही की ते अशीच डोलावतात.

प्लग साफ झाले, गाडी सुरू झाली. पण हाताची सवय कुठे जाते? त्यांनी एका प्लगची वायर उपसून लोखंडाजवळ धरली. ठिणगी खणखणीत वाजत होती, मला खिडकीत ऐकू येत होती. उन्हात ती दिसेना. ठिणगीच नाही असं समजून मिस्तरी वायर जवळ नेत, लांब नेत, कान खाली लावत.

"अहो, सोडा! ती वायर सोडा!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. रस्त्यावरचा टांगेवाला थांबला. समोरच्या हॉटेलातली माणसं उठून आली. शेटजी वळले. मिस्तरी तेवढे वळले नाहीत.

इंजिन बंद पडलं ते पडलंच. शेटजींनी मिस्तरींच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. मग आणखी जोरात वाजवली. मिस्तरी वायरच चाचपत राहिले. संपलं गं बाई, मी मनात म्हटलं.

गाडी दोरीनं ओढून नेली. मिस्तरी घरात येऊन ताटावर बसले, पण भाकरी मोडेनात. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू खिडकीमा व्हती ना? मंग एक हाक का बरं नही मारी?"