शालूची बाई

मी मागवलेला आरसा हिंगोलीहून हळदीच्या रिकाम्या गाडीतून, गोधडीत गुंडाळून आला, तेव्हा गोरेगावच्या व्यंकटरावांच्या अंगणात उकडलेली हळद वाळत पसरली होती आणि तिच्या मातकट वासाने माझं डोकं सकाळपासून जड झालं होतं. गाडीवानाने गोधडी सोडली, तरी शालूची आई, नर्मदाबाई, ओसरीच्या खांबापासून एक पाऊलही पुढे आल्या नाहीत.

"बोलायच्या आधी लेकराला आरसा दावत न्हाईत, बाई," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दावला की वाचा त्यातच राहून जाते."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्या एवढ्या मोठ्या घरात आरसा एकच होता, व्यंकटरावांचा दाढीचा, आणि तोही शालूचा हात पोचणार नाही अशा उंच खुंटीवर. पाच वर्षांच्या शालूने अजून स्वतःचं तोंड पाहिलं नव्हतं. तिला ऐकू येत होतं. वासराच्या गळ्यातली घंटा वाजली की ती ताट टाकून धावायची. पण तिच्या तोंडून एक शब्द म्हणून कुणी ऐकला नव्हता.

मी थोडं हसूनच समजावलं, की लेकराला माझे ओठ आणि आपले ओठ शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, पुण्याला मुक्याबहिऱ्या मुलांना असंच शिकवतात. गावाबाहेर जिची मेंढरं बसलेली असत ती चांगुणाबाई दूध घालायला आली होती. ती म्हणाली, "आमच्या मेंढरांला तर कोणी आरसा दावला न्हाई, मालकीणबाई. ती तरी कुठं बोलून राहिली?"

व्यंकटराव हसले. "बाई शिकलेल्या हायेत. त्यांचं बराबर असंल," असं म्हणून त्यांनी आरसा आत नेववला.

शिकलेली मी होते खरी, हैदराबादेला कॉलेजातही गेले होते. पण पुण्याचा वर्ग मला सांभाळता आला नव्हता. कुठे पाटी आपटली तरी मी दचकायची, आणि ज्यांना स्वतःला ऐकू येत नव्हतं ती मुलं मला दचकलेली पाहायला मुद्दाम पाट्या पाडायची. घरी काकांनी एक बिजवर पाहून ठेवला होता. या एका मुलीने मला 'बाई' म्हणून हाक मारली, तर त्या घरी जाण्याखेरीज माझं दुसरंही काही होऊ शकतं, हे मला दाखवता आलं असतं. त्या हाकेची मी इतकी वाट पाहत होते, की कधी कधी ती ऐकू आल्यासारखी वाटून मी मागे वळायची.

आम्ही रोज सकाळी भिंतीशी टेकवलेल्या त्या उभ्या आरशासमोर पाटांवर बसू लागलो. 'प'ला तळहातावरचं पीस उडवायचं, 'ह'ला काचेवर वाफ सोडून ती फ्रॉकच्या टोकाने पुसायची, आणि 'म'ला माझ्या गळ्यावर हात ठेवून आतली थरथर ओळखायची. पीस उडवणं आणि वाफ पुसणं शालूला फार आवडे. पुसून झालं की काचेला नाक लावून, पलीकडचं नीट दिसेपर्यंत ती पाहत राही. गळ्यावर मात्र तिने हात ठेवला नाही. मी तिची हळदीने पिवळी झालेली बोटं धरून माझ्या गळ्याशी नेली, की ती चटका बसल्यासारखी मागे घेई, आणि तोच तळवा पुढे करून काचेतल्या माझ्या गळ्यावर ठेवी.

आधी मला त्याचं कौतुकच वाटलं. मग हळूहळू दिसू लागलं, की मी दारातून आले तर ती मान वर करत नाही. मी आरशासमोर टेकले की तिचा चेहरा फुलतो, पण तो तिथे, काचेकडे. एकदा तिने ओच्यातलं सगळ्यात टपोरं बोर निवडून काचेतल्या बाईला दिलं. ते काचेवर टक् करून आपटलं आणि घरंगळत माझ्या पाटाशी आलं. मी ते उचलून खाल्लं. शालूने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुसऱ्याच्या ताटातलं उचलणाऱ्याकडे पाहावं.

ती मीच होते, हे काय मला कळत नव्हतं? तरी मी तिला न्याहाळू लागले. माझ्या डाव्या गालावरचा तीळ तिच्या उजव्या गालावर होता आणि तिथे तो अधिक शोभत होता. माझ्यापेक्षा ती शांत बसे. एकदा स्वयंपाकघरात परात पडली आणि मी डोळे घट्ट मिटून अंग चोरलं. उघडले तेव्हा शालू तिच्याकडे पाहून मंद हसत होती. तीही दचकली होती की नव्हती, ते मला कसं दिसणार? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग एका सकाळी मी मागच्या दारी नर्मदाबाईंना शेंगा सोलू लागत होते. दुधाची चरवी खाली ठेवता ठेवता चांगुणाबाई थबकली.

"काहो, तुमी हितं बसल्या," ती म्हणाली, "मंग आत लेकराला कोण शिकवून राहिलं?"

आतून शालूचा आवाज येत होता. "म… म्मा…" मग थोडी उसंत, कुणी दुरुस्त करून सांगावं एवढी. मग पुन्हा, अधिक स्पष्ट, "मा." नर्मदाबाईंच्या हातातलं सूप निसटलं. मी त्यांच्या आधी धावले.

शालू पाटावर एकटी होती, हात लांब करून तळवा काचेवर टेकवलेला. आणि त्या तळव्याच्या वर, मी बसल्यावर माझं तोंड जिथे येतं तिथे, काचेवर वाफेचा एक गोल होता. मी पाहत होते तोवर तो आक्रसत आक्रसत नाहीसा झाला.

त्याच दिवशी मी व्यंकटरावांना सांगितलं, की आरशाचं काम झालं, यापुढे तो ठेवला तर लेकराला सवय लागेल, परत पाठवा. ते म्हणाले, "तुमी म्हणता तसं." नर्मदाबाईंनी मात्र मला माजघरात गाठलं.

"शब्द फुटून राहिला अन् आता काहून नेता?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात ना?"

"तवा मी भेले होते." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी भेल्या न्हाईत, बाई. तुमचं पोट दुखून राहिलं."

बाहेर गाडी जुंपली होती. गाडीवान गोधडीचं शेवटचं टोक काचेवर ओढू लागला तेव्हा शालू अंगणातून हळद तुडवत आली, जुवाला धरून उभी राहिली आणि स्वच्छ, गोल आवाजात म्हणाली,

"बाई."

नर्मदाबाई पदरात तोंड घालून रडू लागल्या. व्यंकटराव माझ्याकडे वळून अभिमानाने हसले. मी गोधडीकडे पाहत होते. गाडी हिंगोलीच्या वाटेला लागली.

त्यानंतर शालू पुन्हा मुकी झाली. घरात कुणी मला बोल लावला नाही, पण नर्मदाबाई माझं पान वाढून निघून जात. मी रोज पाट मांडायची आणि समोर कोरी भिंत घेऊन एकटी बसायची.

अंगणातली शेवटची हळद पोत्यांत भरली त्या दिवशी शालू आपण होऊन आली आणि माझ्या समोर बसली. भिंतीकडे तिने पाहिलंच नाही. ती माझ्याकडे सरकली, माझ्या गळ्याजवळ तोंड आणून 'ह' करून ऊन श्वास सोडला आणि फ्रॉकच्या टोकाने तो गळा काळजीपूर्वक, चोळून चोळून पुसला. मग नाक अगदी जवळ आणून ती पाहत राहिली. आनंदाने माझे डोळे भरून आले होते. मी ओठ घट्ट मिटून घेतले, हलले तर ती पळेल म्हणून.

शालूच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख उमटली. तिने आपला पिवळा तळवा माझ्या गळ्यावर ठेवला आणि हाक मारली, "बाई."

मी अजून ओ दिली नव्हती. पण तिच्या तळव्याखाली माझा गळा, आतून कुणी ओ द्यावी तसा, थरथरला.