एकोणीस-एकोणीस

बॅडमिंटनच्या स्पर्धांमधले सगळे त्याला ‘घार’ म्हणायचे. तो रेषापंच होता. कोर्टाच्या कडेला खुर्चीवर बसायचं आणि शटल आत पडलं की बाहेर ते सांगायचं, एवढंच काम. आत असेल तर रेषेकडे हात करायचा. बाहेर असेल तर दोन्ही हात पसरून ओरडायचं. आणखी एक तिसरी खूण असते: दिसलंच नाही तर दोन्ही हात डोळ्यांवर धरायचे. मग अंपायर निर्णय देतो, नाहीतर तो पॉइंट पुन्हा खेळवतात. सतरा वर्षांत घारीने ही तिसरी खूण एकदाही केली नव्हती. हे तो स्वतःहून सांगत नसे. पण दुसरं कुणी सांगत असेल तर त्याला थांबवतही नसे.

पोटासाठी तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, त्यावर मेण, मग दात, मग घासकाम. “दिवसभर लोकांचे दात आणि सुट्टीत लोकांच्या रेषा. घरच्यांकडे बघायला ह्यांचे डोळे उरतात कुठे?” असं त्याची बायको पाहुण्यांसमोर म्हणायची आणि तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

त्या वर्षी त्यांच्या शहरात मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तिसेक देशांचे खेळाडू आले होते. घारीने आठवडाभर वर्कशॉप बंद ठेवलं, कोट इस्त्री करून घेतला आणि मुलीलाही पास मिळवून दिला. मुलगी कॉलेजात शिकत होती. “बाबा, मी तुमचा व्हिडिओ काढणार. आजी विचारते ना, तुझा बाप तिथे नुसता बसून नक्की करतो काय, म्हणून.”

पहिल्या फेरीच्या सकाळी त्याला चार नंबरचं कोर्ट मिळालं. एक नंबरच्या कोर्टावर कॅमेरे होते. तिथे खेळाडूला निर्णय पटला नाही तर पडद्यावर चित्र पाहता येई. चार नंबरवर तसलं काही नव्हतं. तिथे खुर्चीतला माणूस म्हणेल ते खरं.

सामना होता एका डावखुरीचा. लांबच्या लहानशा देशातून आलेली, एकतीस वर्षांची, गुडघ्याला पट्टी. सोबत संघ नाही की डॉक्टर नाही; थोरला भाऊच तिचा प्रशिक्षक, तोच पाण्याची बाटली देणारा, तोच बॅग उचलणारा. समोर एकोणीस वर्षांची मानांकित पोरगी. पहिला गेम पोरगीने सहज घेतला. पोरगी आता सरळ जिंकणार असं वाटत असताना डावखुरीने दुसरा गेम चिवटपणे ओढून काढला. तिसऱ्यात दोघी एकोणीस-एकोणीसवर आल्या. चार नंबरच्या बाजूला बसलेली मोजकी माणसं पुढे सरकून बसली.

ती रॅली लांबली. घार पोरगीच्या मागच्या रेषेवर बसला होता. मान ताठ, नजर रेषेवर. तेवढ्यात एक नंबरच्या कोर्टावरून प्रचंड आरडाओरडा उठला. तिथे आपल्याच देशाचा खेळाडू जगज्जेत्याशी खेळत होता. घारीची मान वळली. क्षणभरच. डोळ्यांचं पातं लवावं इतकाच वेळ. परत वळून पाहतो तर शटल खाली पडून थांबलेलं, पोरगी ते सोडून बाजूला झालेली, आणि अंपायर त्याच्याकडे बघत असलेला.

हात डोळ्यांवर न्यायचे होते. त्याला ते पुरतं कळत होतं. पण हात वर गेलेच नाहीत. ते पसरले आणि तोंडातून खणखणीत आवाज निघाला, “आउट!”

डावखुरी जाळीपर्यंत चालत आली. “आत होतं,” ती अंपायरला म्हणाली. अंपायरने घारीकडे पाहून भुवया उंचावल्या. नक्की का?

घारीने पुन्हा हात पसरले.

पोरगीने रेषेकडे एकदा पाहिलं आणि ती झटकन सर्व्हिसला जाऊन उभी राहिली. पुढचा पॉइंट डावखुरीने जाळीत मारला. सामना संपला. तिने पोरगीशी हात मिळवला, अंपायरशी मिळवला, आणि रॅकेट बॅगेत भरताना तिला चेन लावता येईना. भावाने लावून दिली.

जेवणाच्या सुट्टीत मुलगी कँटीनमध्ये त्याच्या समोर येऊन बसली. ताटाला तिने हात लावला नव्हता. तिने फोन टेबलावरून पुढे सरकवला.

“बाबा, आत होतं.”

“फोनमध्ये तसं दिसतं. कोन वेगळा असतो.”

“बघा तरी.”

त्याने पाहिलं. शटल रेषेच्या पांढऱ्या पट्टीवरच पडलं होतं. पण त्याची नजर अडकली ती दुसऱ्याच गोष्टीवर. मुलीने कॅमेरा बापावर धरला होता, शटलवर नाही; रेषा नुसती त्याच्या पुढ्यात म्हणून चित्रात आली होती. आणि शटल पडत असताना त्याचा चेहरा भलतीकडे होता.

“तुम्ही तिकडे बघत होता,” ती म्हणाली. “मग सांगितलंत कसं?”

त्याने फोन पालथा ठेवला.

“नुसते चुकला असतात तर मी काहीच म्हटलं नसतं, बाबा,” एवढं बोलून ती ताट घेऊन उठली.

दुपारी तो तीन सामन्यांना बसला. एकही निर्णय चुकला नाही. संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, “चेहरा असा का? कुणी काही बोललं का?” “थकलोय,” म्हणून तो आतल्या खोलीत गेला. मुलीनेही आईला तो व्हिडिओ दाखवला नाही. तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुख्य रेफरीच्या खोलीत गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रेफरी वयस्कर बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“निकाल बदलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“मग काय हवंय तुम्हाला?”

बाईंनी त्याला लेखी द्यायला सांगितलं, त्या दिवसापासून खुर्चीवर बसू नका म्हणाल्या, आणि तो दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, “तिची गाडी अकराला निघते. हॉटेलच्या दारातून.”

तो धावतपळत पोचला. डावखुरी हॉटेलच्या पायरीवर बॅगेवर बसली होती, पट्टीचा पाय लांब करून. भाऊ आत काउंटरवर किल्ली द्यायला गेला होता. घारीची भाषा तिला येत नव्हती आणि तिची ह्याला. दोघांना थोडीथोडी येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत बोलणं झालं.

“मी कालचा रेषापंच,” तो म्हणाला. “ते शटल आत होतं.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट तिने बाजूला सरकून त्याला बसायला जागा केली. “होतं असं कधीकधी. माझ्याही हातून चुका होतात. शेवटचा पॉइंट मी स्वतःच घालवला.”

इथेच तो थांबला असता तर बरं झालं असतं, असं पुढे कित्येक महिने त्याला वाटत राहिलं. पण इतकं आल्यावर अर्धवट सांगणं म्हणजे पुन्हा खोटंच, असं त्याला त्या वेळी वाटलं.

“चूक नव्हती ती,” तो म्हणाला. “मी बघतच नव्हतो. दिसलं नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून तोंडाला येईल ते बोललो.”

तिने पट्टीचा पाय जवळ ओढून घेतला. मग हळूहळू उठून उभी राहिली.

“माझी ही शेवटची स्पर्धा होती,” ती म्हणाली. “काल रात्री मी भावाला म्हटलं, जाऊ दे, बिचाऱ्याला तसं दिसलं असेल. आम्ही दोघं ह्यावर हसलो. आता घरी जाऊन आईला मी काय सांगू?”

“मला क्षमा—”

“हे सांगून कुणाला बरं वाटतंय? तुम्हालाच ना?”

भाऊ बाहेर आला. गाडीही आली. घारीने मदत म्हणून रॅकेटची बॅग उचलली, तशी तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली. जोरात नाही, पण घट्ट धरून. भावाला यातलं काही ठाऊक नसल्याने त्याने निघताना हसून हात हलवला.

संघटनेचं पत्र दोन महिन्यांनी आलं. वर्षभरासाठी त्याचं नाव पंचांच्या यादीतून काढलं होतं. बायकोने ते वाचलं, घडी घालून त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, “मला आधी सांगायला काय झालं होतं? मी का परकी आहे?” तेव्हा कुठे त्याने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मधेच उठून तिने गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसली.

वर्ष सरलं, तरी तो परत गेला नाही. जुने सोबती फोन करायचे, “अरे, झालं गेलं गंगेला मिळालं, ये आता.” तो काहीतरी कारण सांगायचा. वर्कशॉपमध्ये मेण तापेपर्यंत तो फोनवर डावखुरीचं नाव शोधायचा. जागतिक क्रमवारीत ती घसरत गेली आणि मग दिसेनाशी झाली. ते शटल आत धरलं असतं तर ती जिंकलीच असती असं नव्हतं. जिंकून पुढच्या फेरीतही हरली असती कदाचित. ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला खात होतं.

एकदा मुलगी म्हणाली, “बाबा, तिचा पत्ता मिळतोय का बघू? पत्र लिहा तिला.”

“काय लिहू?”

“काहीही. तुम्हाला अजून वाईट वाटतं, असं.”

त्याने नकारार्थी मान हलवली. “ते तिला एकदा सांगून झालंय, बाळा. पुन्हा कशाला तिच्या दारात जाऊ?”

मुलगी त्याच्याजवळ येऊन बसली. तिने त्याच्या दंडाला हात लावून विचारलं, “चहा टाकू?” तो म्हणाला, “टाक.”